ठोका कुणाचा चुकतो

१८ नोव्हेंबर, गुरुवार

बिराजदार सरांनी आज विज्ञान प्रदर्शनाचं काढलं. कोण काय करणार विचारलं तर पाच जणांनी ज्वालामुखी सांगितला. सर वैतागले. म्हणाले, "निलंग्यात प्यायला पाणी न्हाई अन् तुम्ही आग काय ओकायला लावता रे?" मला हसू फुटलं. मग काय, मलाच उभं केलं. "हसणाऱ्या बाई, तुम्ही काय करणार?" तोंडाला आलं ते बोलले. म्हणलं, सर, विहिरीवरून घागर आणली की छातीत धडधडतं, ते मोजता येतं का?  सर म्हणाले, येतं. कर.

आली का पंचाईत.

यंदा जिल्ह्याचं प्रदर्शन लातूरला. आजवर उस्मानाबादला असायचं. जिल्हा नवा झाला खरा, पण पत्ता लिहिताना माझा हात अजून "जि. उ." लिहितो अन् मग खोडतो.

२० नोव्हेंबर, शनिवार

जोडीला महानंदा. तिच्या घरचं किराणा दुकान आहे, पुड्यांवर नावं लिहून लिहून तिचं अक्षर मोत्यासारखं झालंय. तक्ता तिनं लिहायचा, बडबड मी करायची. इथून पुढं तिला म. लिहीन, नाव लई लांब आहे.

सरांनी नाडी कशी बघायची ते शिकवलं. अंगठा न्हाई लावायचा, दोन बोटं. तीन वेळा मोजायचं: घागर उचलायच्या आधी, आणल्या आणल्या, अन् विसावा घेतल्यावर. घागर सगळ्यांना सारखी, वाट सारखी. "एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथं," हे इतक्यांदा सांगितलं की म. नं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. नाडी म्हणलं की मागच्या बाकावरची पोरं पायजम्याच्या नाडीकडं बघून खिदळतात. सरांनी त्यातल्या एकाला पुढं बोलावून त्याचंच मनगट धरलं, तेव्हा बाकीच्यांची दातखीळ बसली.

आता सेकंदकाट्याचं घड्याळ पाहिजे. सरांच्या घड्याळाला सेकंदकाटा न्हाई. आमच्या दादांच्या आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार

दादांना आज सुट्टी. (म्हणजे माझे वडील. एसटी चालवतात, निलंगा–लातूर. कधी नांदेड मुक्कामी.) घड्याळ मागितलं तर मनगट पाठीमागं लपवलं. "ओ डाक्टरीणबाई, फोडलं तर मी गाडी सोडू कोणत्या टायमाला? कोंबडा आरवल्यावर?" मग दिलं. स्वतः काढून माझ्या हातात बांधलं, पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी सैल.

मी अन् म. दिवसभर विहिरीवर. पाणी तळाला गेलंय, पोहरा आपटल्याचा आवाज येतो. रांगेतल्या बायकांना मनगट मागितलं की आधी हसतात, मग विचारतात, आमचं काय बिघडलंय का? एकीनं तर बांगड्या वर सारून दोन्ही हात पुढं केले, म्हणली बघ, अन् माझं नशीब पण सांग. मी म्हणलं, मावशी, ते सरांनी न्हाई शिकवलं.

चार जणींचं झालं. धाप लागलेली बाई बोलायची थांबते पण तिचं मनगट थांबत न्हाई, ते बोटाखाली उड्या मारून राहतं. मला लई नवल वाटलं. रोज पाणी आणते, कधी लक्षच दिलं न्हाई.

२८ नोव्हेंबर, रविवार

म.च्या घरी गेलो. तिच्या आत्यांची नाडी पाहिजे होती, वयस्कर कुणीतरी हवं म्हणून. आत्या उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. मी हात पुढं केला तर त्यांनी पदराखाली हात घेतला. "बेड, बेड," म्हणल्या. कानडीत नको. मग म. कडं हात दिला. म. नं नाडी धरली, मी घड्याळ बघितलं. आकडा बरोबर आला.

येताना म. भराभर पुढं चालत राहिली. पार चौकापर्यंत. मग ती म्हणली, "प्रज्ञा, तक्त्यावर आत्याचं नाव न्हाई टाकायचं." मी म्हणलं, कुणाचंच न्हाई टाकायचं, नुसते नंबर. मला राग आला होता. अजून आहे. पण आकडा खरा आहे, तो घेतलाय.

३० नोव्हेंबर, मंगळवार

सर म्हणाले, सगळ्या पाणी आणणाऱ्याच झाल्या. ज्याला अशी सवय न्हाई, बैठं काम करतो, असा एक माणूस घ्या. तुलना करायला. मी म्हणलं, दादा आहेत ना, दिवसभर सीटवर बसून असतात.

घरी येऊन सांगितलं तर दादा भडकलेच. "बैठं काम? कोण म्हणलं बैठं? औश्याच्या पुढच्या वळणावर स्टेअरिंग धरून बघ म्हणावं तुझ्या सरांना, खांदा निखळतो का न्हाई." माय स्वयंपाक करता करता हसून बेजार. शेवटी तयार झाले, पण एका अटीवर. तक्त्यावर "बैठं काम" लिहायचं न्हाई.

२ डिसेंबर, गुरुवार

दादांची नाडी जमत न्हाई. बोटाखाली ठोका येतो, येतो, मधेच मी चुकते, मग पुढचा एकदम जोरात येतो अन् आकडा डोक्यातून जातो. तीनदा केलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. दादा म्हणाले, "गणितात किती मार्क पडले होते गं?" मी चिडून उठले.

५ डिसेंबर, रविवार

परत बघितलं. बसलेले असताना. परत चुकलं. म.नं पण धरून बघितलं, तिचं पण चुकलं. तिला म्हणलं तू मनात पाढे म्हणून राहिलीस का? ती म्हणली, आई शपथ न्हाई. माझी मोजली तर बरोबर, मायची मोजली तर बरोबर. दादांचीच तेवढी.

दादा घागर घेऊन आले तेव्हा ओट्यावर टेकले. घाम आला होता. माय म्हणली, उपाशी गेले म्हणून.

६ डिसेंबर, सोमवार

संध्याकाळी विहारात वंदनेला सगळे. दादा मागं भिंतीला टेकून बसले, नेहमी पुढं असतात.

७ डिसेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत सरांकडं गेले. म्हणलं, "सर, सगळ्यांचं झालं. पण दादांचं मोजताना माझा ठोका चुकून राहिला."

सर म्हणाले, बोटं नीट ठेव.

म्हणलं, ठेवली.

घाई करू नको.

न्हाई केली सर. म. चा पण चुकला. दर वेळी चुकतो, थोडं मोजलं की चुकतो.

सर पेपर तपासत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "थांब. कुणाचा चुकतो? तुझा, का त्यांचा?"

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. पाच-सहा दिवस मी स्वतःलाच शिव्या देऊन राहिले की तुला साधं मोजता येत न्हाई. माझी बोटं बरोबर होती. चुकत होता तो आतला ठोका.

९ डिसेंबर, गुरुवार

सर घरी आले. मायनं घाईनं चटई टाकली, साखर शेजारून आणली. सरांनी इकडचं तिकडचं काढलं, दुष्काळ, टँकर, लातूरच्या रस्त्याला कलेक्टर ऑफिसच्या पाट्या. मग हसत हसत म्हणाले, बघू तुमचा हात, पोरीचं गणित तपासतो. दादांनी हात दिला. सरांनी डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. चहावर साय धरली.

"ड्रायव्हर साहेब, एकदा डॉक्टरला दाखवा."

दादा म्हणाले, "मला काही होत न्हाई हो सर."

"काही होत न्हाई तेव्हाच दाखवायचं असतं."

सर गेल्यावर माय माझ्यावर उलटली. इतकी कधी उलटली नव्हती. "शाळेत जाते का हेरगिरी करायला? डेपोत कळलं तर गाडीवरून उतरवतील. उतरवलेला माणूस परत चढत न्हाई. लेकीनं बापाच्या पोटावर पाय द्यायचा का आता?" डोळ्याचा नंबर वाढला म्हणून उतरवलेले एक काका आहेत, ते आता गाड्या धुतात. धुवायला पाणी न्हाई तर झाडतात. मायनं त्यांचंच नाव घेतलं.

दादा तिला म्हणाले, "ती काय खोटं बोलून राहिली का?" एवढंच. अन् बाहेर गेले.

१० डिसेंबर, शुक्रवार

दादा पहाटेच ड्युटीवर गेले. लातूर, दोन फेऱ्या. वर्गात बसले होते पण मन रस्त्यावर. आमच्या तक्त्यातल्या सात नंबरच्या माणसाच्या, दादांच्या, भरवशावर पन्नास माणसं. असं सारखं मनात येतं. न यावं म्हणून पाढे म्हणले.

संध्याकाळी गाडीचा हॉर्न ओळखू आला. दादांचा हॉर्न दोनदा छोटा. एवढं हलकं वाटलं की रडायलाच आलं.

१३ डिसेंबर, सोमवार

मायनं सांगितलं, दादांची रांग तक्त्यातून काढून टाक. सरळ. "नऊ जणांचं दाखवलं तर काय प्रयोग मोडतो का तुझा?"

सरांना विचारलं. सर म्हणाले, "तुझे वडील आहेत, मी काढू नको म्हणणार न्हाई. पण आकडा आपल्याला नडतो म्हणून काढला, तर उरलेले नऊ तरी कशाला ठेवायचे?" म्हणजे काढू नको असंच ना. सरांचं बरं आहे, त्यांना संध्याकाळी आमच्या घरी यायचं नसतं.

म. म्हणली, मी तक्ता परत लिहून देईन, तू सांग कसा. तिनं तीन रात्री जागून लिहिलाय तो. 

१८ डिसेंबर, शनिवार

तालुक्याचं प्रदर्शन झालं. तक्ता होता तसाच नेला. क्र. ७, पुरुष, नाव न्हाई. त्या रांगेत आकड्याच्या जागी म.नं ठिपके काढलेत, अन् जिथं ठोका येत न्हाई तिथं मोकळी जागा. कुणी विचारलंच न्हाई. शिरूर अनंतपाळच्या एका शाळेनं पाणी गाळायचा माठ केला होता, तो पहिला. आम्ही दुसरे. दोन्ही शाळा लातूरला जाणार.

आनंद झाला का? झाला. पण घरी सांगताना पेढा दिल्यासारखं न्हाई वाटलं, काहीतरी फोडलंय असं वाटलं. माय "बरं" म्हणली. दादांनी पाठ थोपटली.

डॉक्टरकडं अजून गेले न्हाईत. आज न्हाई उद्या. उद्या ड्युटी. परवा मामाचं पत्र आलं भोकरहून, तिकडं पण पाण्याचे हाल.

२६ डिसेंबर, रविवार

दुपारी दादा अंगणात सायकलची चेन बसवत होते. मी जवळ जाऊन बसले. त्यांनीच सुरू केलं, माझ्याकडं न बघता.

"दिवाळीच्या आधी मला यायला उशीर झाला होता. औश्याच्या अलीकडं गाडी तापली म्हणून. आठवतं?"

म्हणलं, हाव.

"गाडी तापली नव्हती."

मग सांगितलं. डोळ्यापुढं अंधारी आली. गाडी बाजूला घेतली, कशी घेतली ते त्यांना पण ठाऊक न्हाई. लोकांनी विचारलं काय झालं, तर तोंडातून निघालं, इंजिन तापलं, पाणी लागतं. आता उन्हातान्हात पाणी कुठलं? ज्याच्याजवळ होतं ते लोकांनी काढून दिलं. बाटल्या, तांबे. एक म्हातारी लेकीकडं कळशीभर पाणी घेऊन निघाली होती, मांडीवर धरून, हिंदकळू न देता. तिनं कळशीच दिली. "घे बाबा, पण गाडी ने."

"रेडिएटर भरलेला होता गं. कंडक्टर ओतत होता अन् सगळं खाली सांडत होतं. मी बघत होतो. थांब म्हणलो न्हाई."

चेन बसली होती तरी ते पेडल फिरवत राहिले.   मी मनगट धरायला हात पुढं केला, तर म्हणाले, "आता नको. आता मोजू नको."

मायला हे माहीत न्हाई. मला सांगितलं न्हाई की सांगू नको. तरी न्हाई सांगणार.

१ जानेवारी, शनिवार

डॉक्टरकडं गेले न्हाईत. माझं भांडण झालं. मी ओरडले, बापावर. "तुम्हाला काही झालं तर?" म्हणाले, "मला काही झालं तर डेपोतला मारुती चालवील गाडी." म्हणलं, गाडीचं कोण विचारतंय! माय मधे पडली न्हाई. चुलीपुढं बसून पदर डोळ्याला लावला. म्हणजे तिला पण भ्या वाटून राहिलंय. मला आजवर वाटत होतं तिला नुसती नोकरीचीच फिकीर आहे.

११ जानेवारी, मंगळवार

लातूर. सगळं लिहून काढते, न्हाई तर डोकं फुटेल.

सकाळी दादांच्याच गाडीनं गेलो. सर, म., मी, अन् गुंडाळलेला तक्ता. मी मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. दादांच्या मानेकडं बघत होते. औसा आलं तेव्हा श्वास धरला. काही झालं न्हाई, गाडी मस्त चालली.

शाळेचा मोठा हॉल, मांडव, फिती. "लातूर जिल्हा" असं कापडावर लिहिलेलं, रंग अजून ओला, एका मुलीच्या ओढणीला लागला. ज्वालामुखी सहा. सर माझ्याकडं बघून हसले.

दुपारी परीक्षक आले. तिघं. त्यातले एक डॉक्टर, चष्मा कपाळावर. मी घडाघडा बोलले, घागर, विसावा, कुणाची नाडी लवकर खाली येते, कुणाची न्हाई. रोज पाणी आणणाऱ्या बायकांची लवकर येते हे सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान. मग त्यांचं बोट तक्त्यावर फिरत फिरत सातव्या रांगेवर आलं अन् तिथंच राहिलं.

"हे काय?"

मी मागं बघितलं. दादा उभे होते. परतीच्या फेरीला वेळ होता म्हणून बघायला आले होते, खाकी ड्रेसमध्ये, टोपी हातात. गर्दीत मागं. मला एकच सुचलं. म्हणायचं, माझी मोजण्यात चूक झाली. नंबर जाईल, जाऊ दे. तोंड उघडलं, "सर, ते माझी मोजण्यात…"

"न्हाई साहेब." दादांचा आवाज. "तिचं बरोबर हाय. चुकतो तो माझा."

शेजारच्या स्टॉलवरची पोरं पण वळून बघायला लागली. डॉक्टरनी आधी ड्रेसकडं बघितलं, मग दादांकडं. तिथंच मनगट धरलं. लई वेळ. मग कानाला नळी लावून छाती ऐकली, आमच्याच टेबलावर बसवून. विचारलं, अंधारी येते का कधी? दादा म्हणाले, आली होती एकदा. गाडीवर? हाव.

डॉक्टर हळू बोलले, पण मी ऐकलं. कदाचित काही नसेल. कदाचित असेल. ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढल्याशिवाय सांगता येत न्हाई, नांदेडला हृदयाचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखवा. "अन् तोवर गाडीला हात लावू नका."

"आता चारची गाडी न्यायचीय साहेब. हीच पोरं न्यायचीत."

 दादांनी टोपी घातली अन् निघून गेले. मला वाटलं संपलं, आता ते चालवणार.

चारला स्टँडवर गेलो तर निलंगा गाडी उभी, गच्च भरलेली, ड्रायव्हर न्हाई. दादा कंट्रोलरच्या खिडकीशी. सांगत होते, माझी तब्येत बरी न्हाई, दुसरा माणूस द्या. कंट्रोलर म्हणत होता, अहो चांगले धडधाकट उभे आहात, काय झालंय तुम्हाला? दादा म्हणाले, "लिहून घ्या. ठोका चुकतो." कंट्रोलरला वाटलं चेष्टा करून राहिलेत.

एक तास गेला. लोक खाली उतरले, शिव्या सुरू झाल्या. "माजलेत साले." "सरकारी जावई." "जिल्हा झाला म्हणं, अन् गाड्या बघा." एक बाप्या दादांच्या तोंडासमोर येऊन म्हणला, घरी बायकोनं हाणलं का? लोक हसले. दादा हात मागं बांधून उभे, खाली बघत. मला वाटलं प्रत्येकाच्या अंगावर धावून जावं. ओरडून सांगावं, अरे तुमच्यासाठीच उभाय तो! सरांनी माझा खांदा धरून ठेवला होता. म. रडत होती.

मारुती काका दुसऱ्या गाडीवरून आले तेव्हा अंधारत होतं. ते काही न विचारता चढले. दादा कुठं बसावं कळेना म्हणून दारातच थांबले. मग सर सरकले, दादा बसले. जो माणूस बायकोवरून बोलला होता तो शेजारच्या सीटवर होता, घोरत आला सगळी वाट.

तिसरा नंबर मिळाला. सर्टिफिकेट म.कडं आहे.

१३ जानेवारी, गुरुवार

डेपोत सगळ्यांना कळलं. साहेबांनी सांगितलं म्हणं, आधी तपासून या, मग बघू. चांगलं बोलले, पण बघू म्हणजे काय ते कुणी सांगत न्हाई. दादा घरी आहेत. खाकी शर्ट धुऊन वाळत टाकला, मायनं कांजी केली, इस्त्री केली, अन् तो खुंटीला टांगला. एवढ्या पाण्याच्या टंचाईत. 

माय माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढते, बोलत न्हाई.

१६ जानेवारी, रविवार

म.च्या आत्या आल्या होत्या. आमच्या घरी! दारात उभ्या. म.नं सांगितलं असणार सगळं. मायला म्हणल्या, "नांदेडला आमच्या दिराचं घर हाय, उतरायला लागलं तर." माय म्हणली, भाऊ येणार आहे भोकरहून, होईल सोय. मग पाणी देऊ का विचारलं. आत्या जरा थांबल्या. मग म्हणल्या, नको, टंचाई हाय. खरंच टंचाई होती म्हणून की कशामुळं, मी इमानानं सांगते, मला कळलं न्हाई.

रात्री जेवताना माय अचानक बोलली. "लातूरला सगळ्यांसमोर बोलले का गं ते?" म्हणलं, हाव. "काय म्हणले?" सांगितलं. ती बराच वेळ भाकरी कुस्करत बसली. मग म्हणली, "तू जा त्यांच्यासंगं नांदेडला. मला त्या डाक्टरचं काही कळायचं न्हाई." अन् माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

१९ जानेवारी, बुधवार. गाडीत

नांदेड गाडी. मारुती काका चालवतात. शिरूर अनंतपाळ गेलं. अक्षर हलतंय.

दादांनी साधा पांढरा शर्ट घातलाय. खिडकीशी बसा म्हणलं तर न्हाई म्हणाले, मधल्या वाटेकडं बसलेत, समोरचा रस्ता दिसावा म्हणून. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली पत्र्यावर दाबला जातो. ब्रेक. त्यांना कळत पण न्हाई. एकदा मारुती काकांनी गिअर उशिरा टाकला तर दादा तोंडातल्या तोंडात "आता, आता" म्हणाले.

उसाची शेतं नुसती धस्कटं. एका गावाशी टँकरभोवती माणसं, गाडी थांबली, परत निघाली.

भ्या वाटतंय. लिहूनच टाकते. डॉक्टर म्हणतील काही न्हाई, तर खाकी शर्ट खाली निघेल. अन् म्हणतील आहे, तर… पुढचं लिहवत न्हाई.

विचारलं, दादा, माझ्यावर राग आहे का? ते बाहेर बघत होते. म्हणाले, "लई आहे. घड्याळ फोडलं असतंस तर बरं झालं असतं." मग हसले. मग हसू गेलं, अन् मनगट माझ्या मांडीवर ठेवलं.

"धर. गाडीत कसा पडतो बघू."

पेन दातात धरलं अन् दोन बोटं ठेवली. गाडी इतकी हादरते की आधी रस्त्याचाच ठोका लागला. मग त्यांचा लागला.

"किती?" म्हणाले.

म्हणलं, बोलू नका, मोजून राहिले.